नववीला सरकारी शाळा: नाव घालायला एक तास, नाव काढायला अख्खा उन्हाळा

आरटीईमधून प्रायव्हेट शाळेत शिकणाऱ्या मुलांच्या घरी आठवीच्या वर्षी दिवाळी झाली की एकच विषय असतो, पुढच्या वर्षी काय. आरटीई, म्हणजे शिक्षण हक्काचा 2009 चा कायदा, 6 ते 14 वयाचा आहे, म्हणजे पहिली ते आठवी. प्रायव्हेट शाळेत 25 टक्के जागा, फी सरकार भरणार, सगळं छान, पण नववीत पाय ठेवला की कायदा मागे राहतो आणि तुम्ही बाकीच्यांसारखे फी भरणारे पालक होता. आमच्या मुलीचं तेच झालं. शाळा तीच, वर्ग तोच जिना चढून वरचा, मैत्रिणी त्याच, आणि फीचा आकडा असा की आमच्या ह्यांच्या मोटर वाइंडिंगच्या दुकानातून तो दर महिन्याला निघणार नाही हे सांगायला कोणी सीए लागत नाही.

मग सरकारी शाळा. हे ठरवायला आम्हाला फार वेळ लागला नाही, नातेवाइकांना लागला. सुदामा नगरच्या नणंदेने तर फोनवर असा आवाज काढला जसं काही आम्ही पोरीला वनवासात पाठवतोय. मला मात्र त्या शाळेबद्दल आधीपासून थोडं कुतूहल होतं, कारण माझे सासरे, म्हणजे नाना, तिथेच शिकलेले. आमच्या इंदूरमध्ये राजेंद्र नगर ओलांडून महू रोडच्या बाजूला, पूर्वी जिथे शहर संपायचं आणि आता जिथे मॅरेज गार्डन सुरू होतात, त्या बाजूची जुनी हायर सेकंडरी आहे ही. होळकरांच्या काळातली दगडी इमारत, मागे नंतर बांधलेल्या खोल्या, दोन मोठी कडुलिंबं आणि मैदान, खरोखरचं मैदान, जे प्रायव्हेट शाळेत आठ वर्षं नव्हतं. नानांच्या वेळी अकरावीला हायर सेकंडरी व्हायचं, बारावी नव्हतीच, त्यामुळे ते अजूनही नातीला विचारतात की तुझी अजून दोन वर्षं ना, आणि आम्ही हो म्हणतो.

आता अ‍ॅडमिशनचं सांगते, कारण बरेच जण विचारतात. आपल्याकडे, मध्य प्रदेशात, सेशन 1 एप्रिलपासून सुरू होतं. आम्ही एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात गेलो. आठवीची अंकसूची, आधार, समग्र आयडी (राज्य सरकारच्या यादीतला आपला नंबर), बँकेचं पासबुक, फोटो. एका बाईंनी फॉर्म दिला, तिथेच बाकावर बसून भरला, प्राचार्य सरांनी मुलीला दोन प्रश्न विचारले (एक गणिताचा, एक "खेळतेस काय"), सही केली आणि म्हणाले कल से भेज दीजिए. टेस्ट नाही, इंटरव्ह्यू नाही, डोनेशन तर नाहीच. तासाभरात बाहेर. मी ह्यांना म्हटलं अहो झालं पण, आणि हे म्हणाले चल मग पोहे खाऊ.

फक्त एक वाक्य बाईंनी शेवटी म्हटलं होतं, टीसी ले आइएगा, और ड्रॉपबॉक्स में डलवा दीजिएगा.

टीसी, म्हणजे शाळा सोडल्याचा दाखला, माहीत होती. ड्रॉपबॉक्स काय प्रकार आहे ते तिथेच विचारून घेतलं. झालंय असं की देशातल्या प्रत्येक शाळेतल्या प्रत्येक मुलाची नोंद यूडाइस नावाच्या सरकारी पोर्टलवर असते आणि मुलाला एक 11 आकडी पेन नंबर असतो, कायमचा, शाळा बदलली तरी तोच. मूल शाळा सोडतं तेव्हा जुन्या शाळेने त्याला आपल्या यादीतून काढून ड्रॉपबॉक्समध्ये टाकायचं, मग नवीन शाळा तो पेन नंबर घालून तिथून उचलून घेते. जुन्या शाळेने टाकलंच नाही तर मूल कागदावर जुन्याच शाळेत. वर्गात बसतंय, हजेरी लागतेय, डबा खातंय, पण पोर्टलवर दुसरीकडे. आणि नववीत हे लवकर सुटावं लागतं कारण आपल्या बोर्डाचं नामांकन, म्हणजे नावनोंदणी, नववीतच होतं, दहावीच्या अंकसूचीवर जे नाव छापून येणार ते इथून पुढे जातं.

प्रायव्हेट शाळेत गेले तर रिसेप्शनवरची मुलगी एकदम गोड. टीसी मिळेल ना मॅडम, फक्त थोडे ड्यूज दिसतायत. म्हटलं आरटीईच्या मुलीचे कसले ड्यूज. तर स्मार्ट क्लास, अ‍ॅन्युअल फंक्शनचा ड्रेस, अ‍ॅक्टिव्हिटी, आणि एक "मिसलेनियस" ज्याचा अर्थ तिलाही सांगता आला नाही. रकमेपेक्षा राग याचा आला की आठ वर्षांत हे कधी मागितलं नव्हतं, नेमकं टीसीच्या दिवशी आठवलं. सर मीटिंगमध्ये आहेत, सर बाहेरगावी आहेत, सोमवारी या. सोमवारी गेले की पोर्टल बंद. मग मे महिना आला आणि शाळेलाच सुटी, गेटवरचा वॉचमन मला बघून लांबूनच हात हलवायचा.

इथे एक बारीक गोष्ट आहे जी मला सरकारी शाळेतल्या एका जुन्या सरांनी समजावली. आरटीईच्या कायद्यात पाचवं कलम आहे, मुलाला दुसऱ्या शाळेत जायचा हक्क आणि टीसी ताबडतोब द्यायची, टीसीला उशीर झाला म्हणून नवीन शाळेने प्रवेश अडवायचा नाही. पण ते कलम प्राथमिक शिक्षणापुरतं, म्हणजे आठवीपर्यंत. नववीत जाणाऱ्या मुलाच्या पालकाने ते कलम पुढे केलं की समोरचा हुशार असेल तर हसतो. सर म्हणाले, कायदा मत सुनाइए, 181 लगाइए.

बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगते, 181 म्हणजे सीएम हेल्पलाइन. मध्य प्रदेशात नळाला पाणी नाही, रस्त्यावर लाइट नाही, पेन्शन अडली, काहीही असो, माणूस शेवटी "181 लगा दूँगा" म्हणतो, आमच्या गल्लीत तर लहान पोरं क्रिकेटमध्ये आउट दिलं तरी म्हणतात. तक्रार आधी खालच्या अधिकाऱ्याकडे जाते, त्याने ठरलेल्या मुदतीत काही केलं नाही तर आपोआप वरच्याकडे, असे चार टप्पे. आणि तक्रार बंद करायची तर सहसा तक्रार करणाऱ्याने हो म्हणावं लागतं, सगळी गंमत त्यातच आहे. मी तक्रार नोंदवली, मुलीचं नाव, वर्ग, टीसी आणि ड्रॉपबॉक्स दोन्ही शब्द आवर्जून बोलले, आणि काही दिवसांनी मला फोन यायला लागले. आधी एका ऑफिसातून, मॅडम शिकायत बंद करवा दीजिए, हम देख रहे हैं. म्हटलं आधी बघा मग बंद करते. मग दुसऱ्या ऑफिसातून. मग खुद्द शाळेतून तीच गोड मुलगी, मॅडम टीसी तयार आहे, घेऊन जा ना. मिसलेनियस कुठे गेलं कोणी विचारलं नाही, मीपण नाही.

टीसी हातात घेतली आणि तिथेच उभं राहून वाचली, कारण तोपर्यंत कोणत्याही कागदावरचा विश्वास उडाला होता. बरं झालं वाचली. मुलीचं नाव आणि थेट आडनाव. मधे वडिलांचं नाव नाही.

हा आपल्या मराठी लोकांचा खास इथला त्रास आहे. आपण मुलीचं नाव, मग बापाचं, मग आडनाव असं लिहितो, आधार कार्ड काढताना ह्यांनी तसंच लिहिलं. इथल्या फॉर्ममध्ये मुलाचं नाव वेगळं आणि वडिलांचं नाव खालच्या रकान्यात, त्यामुळे शाळेत भरणाऱ्याने मधलं नाव उडवून टाकलं. समग्रमध्ये तर आणखी मजा, तिथे पुढे "कुमारी" लागलेलं. म्हणजे एक मुलगी आणि तिची तीन नावं, आधारमध्ये एक, यूडाइसवर एक, समग्रवर एक. पूर्वी चाललं असतं. नाना सांगतात त्यांच्या वर्गात तीन वसंत होते आणि मास्तर त्यांना जाडा वसंत, बारका वसंत आणि नुसता वसंत म्हणायचे, बोर्डाच्या कागदावर काय होतं देव जाणे. आता मात्र अपार आयडी आहे, विद्यार्थ्याचा देशभर चालणारा ओळख नंबर, 12 आकडी, तो आधारशी नाव जुळल्याशिवाय बनतच नाही, आणि स्कॉलरशिपचे पैसेपण समग्र आणि आधार जुळल्यावरच खात्यात.

मग ठरवलं की आधारमधलंच नाव सगळीकडे करायचं, कारण ते जन्माच्या दाखल्याशी जुळत होतं. समग्रचं ई-केवायसी एमपी ऑनलाइनच्या दुकानात झालं, पण नावातला बदल नगर निगमच्या झोन ऑफिसमधून मंजूर होतो, तिथे जून गेला. यूडाइसवरचं नाव नवीन शाळेने दुरुस्त केलं, पण त्याआधी मुलीला उचलावं लागलं आणि उचलायला ड्रॉपबॉक्समध्ये असावी लागली, आणि टीसी देऊनही तिकडे बटण दाबलेलं नव्हतंच. 181 ची तक्रार मी म्हणूनच बंद केली नव्हती. टीसी मिळाल्या मिळाल्या जे लोक खूश होऊन तक्रार बंद करतात त्यांचं पुढे काय होतं ते मी नंतर शाळेच्या ऑफिसबाहेरच्या बाकावर भरपूर ऐकलं. शेवटी जुलैत एक दिवस आमच्या बाईंनी स्क्रीन माझ्याकडे फिरवली, आ गई आपकी बेटी. पोर तर तोवर कधीची वर्गात बसून सगळ्यांचे डबे चाखत होती.

डब्यावरून आठवलं, दुपारचं सरकारी जेवण आठवीपर्यंतच असतं, नववीला घरचा डबा. तिच्या वर्गात साठेक मुलं आहेत, अर्धी आसपासच्या सरकारी मिडल स्कूलमधून आलेली, आणि बाकी बरीचशी आमच्यासारखी, आरटीई संपलेली. म्हणजे एकाच बाकावर तीन-चार प्रायव्हेट शाळांचे जुने पट्टे. सुरुवातीला इंग्लिश मीडियमवाल्यांचा एक कोपरा झाला होता, तो फार दिवस टिकला नाही कारण गणितात पुढे होती ती मिडल स्कूलवालीच एक मुलगी, राऊकडून सायकलने येते, आणि वही तिची मागायची तर तिच्याशी बोलावं लागतं. माझी लेक थालीपीठ नेते आणि स्वतः कधी खात नाही, ते पहिल्या दोन मिनिटांत जातं आणि बदल्यात हिला कोणाचं तरी सेंव-परमल किंवा दाल-बाफल्यातला उरलेला बाफला मिळतो.

गणिताच्या सरांची जागा मात्र बराच काळ रिकामी होती. अतिथी शिक्षक, म्हणजे तात्पुरते नेमलेले, पोर्टलवरून निवडले जाईपर्यंत पावसाळा निम्मा झाला होता. तोवर विज्ञानाच्या मॅडम जमेल तसं घ्यायच्या. हे वाईट आहे आणि त्याला दुसरा शब्द नाही. अतिथी सर आले ते फार छान शिकवतात, पण त्यांनाही पुढच्या वर्षी इथेच असू की नाही माहीत नाही, आणि मुलांना हे सगळं कळतं, चौदा-पंधरा वर्षांची आहेत ती. टॉयलेटबद्दल मी पालकांच्या बैठकीत उभी राहून बोलले, आता दरवाजाला कडी आहे.

प्रयोगशाळेसाठी मात्र मी ही शाळा कोणालाही दाखवीन. सागवानी कपाटं, काचेच्या पेटीतला पितळी तराजू, आणि मॅडम ते मुलांना हात लावू देतात. जुन्या शाळेत लॅबचं दर्शन व्हायचं, रांगेत, हात मागे बांधून. इथे पहिल्याच महिन्यात हिने लिटमस निळ्याचा लाल केला आणि घरी येऊन लिंबू, दही, नानांचं पोटाचं औषध सगळ्याची परीक्षा घेतली.

आणि खो-खो. सरांनी पहिल्या दिवशी "खेळतेस काय" विचारलं होतं ते उगाच नव्हतं, शाळेची मुलींची टीम जुनी आहे आणि जिल्हा, मग संभाग (विभाग) अशा शालेय स्पर्धांना जाते. संध्याकाळी शिकवायला याच शाळेतून गेलेली एक ताई येते, स्वतः नोकरी करते आणि पैसे घेत नाही. माझी पोर आठ वर्षं अ‍ॅन्युअल फंक्शनमध्ये शेवटच्या रांगेतलं झाड किंवा ढग व्हायची. इथे पोल मारताना गुडघे फोडून घेते आणि रात्री हळद लावताना मला चेसिंगचे नियम समजावते. जिल्ह्याच्या पुढे टीम गेली नाही यंदा.

2025 हे अहिल्याबाईंच्या 300 व्या जयंतीचं वर्ष, त्यामुळे शाळेत निबंध, भाषण, चित्रकला, सगळं त्याच एका विषयावर. हिने निबंधात चौंडीपासून महेश्वरपर्यंत सगळं लिहिलं आणि शेवटी एक ओळ घातली की राजधानी महेश्वरहून इंदूरला त्यांच्या नंतर, 1818 मध्ये आली, म्हणून राजवाड्यात बसून त्या राज्य करायच्या असं जे वर्गात सांगितलं ते बरोबर नाही. मला वाटलं आता बोलावणं येणार. बक्षीस आलं, तिसरं. पहिलं राऊच्या सायकलवालीला, आणि अनंत चतुर्दशीला रात्रभर मिलच्या झांक्या, म्हणजे चित्ररथ, बघायला दोघी एकत्र गेल्या, आम्ही आया मागे चपला सांभाळत.

एक गोष्ट राहिली ती मराठीची. दहावी बोर्डाच्या टाइमटेबलमध्ये मराठीचा पेपर असतो, गुजराती, पंजाबी, सिंधीच्या जोडीने. मी आनंदाने विचारायला गेले की हिला तिसरी भाषा मराठी घेता येईल का. प्राचार्य म्हणाले पेपर आहे, शिक्षक नाही, घरी शिकवणार असाल तर विचार करू, पण अंतर्गत 25 गुण कोण देणार? दहावीत 75 ची लेखी आणि 25 शाळेचे असतात. मुलीला विचारलं तर ती म्हणे सगळ्या संस्कृतला बसतायत, मी एकटी कुठे बसू. मग संस्कृत. नाना दोन दिवस गप्प होते, त्यांना इथे मराठीचे मास्तर होते. मग स्वतःच म्हणाले, पोरीला आता संस्कृत मीच घेतो, आणि रामरक्षेपासून सुरुवात केली, जी परीक्षेला नाही.

नाना मार्चमध्ये तिच्यासोबत शाळेत जाऊन आले. त्यांना त्यांचं नाव जुन्या स्कॉलर रजिस्टरमध्ये बघायचं होतं. बाईंनी कपाट उघडून दाखवलं, सगळ्यात जुन्या रजिस्टरांवर होळकर स्टेटचा शिक्का, मग 1948 नंतरचा मध्य भारतचा, मग 1956 नंतरचा मध्य प्रदेशचा, त्याच शाळेचे. नानांचं वर्ष सापडलं पण पानाची प्रत हवी म्हटल्यावर बाई म्हणाल्या, बाबूजी, आवेदन दीजिए, आधार की कॉपी लगाइए. आधारवर त्यांचं नाव वसंतराव आहे आणि रजिस्टरमध्ये नुसतं वसंत. मी म्हटलं नाना, राहू द्या.

आता हिचं दहावीचं वर्ष. 2025 पासून बोर्डाने सप्लिमेंटरीच्या जागी दुसरी परीक्षा आणली आहे, त्यामुळे थोडा धीर आहे, तरी सर म्हणतात दुसरीच्या भरवशावर पहिली देऊ नका. तिला 15 पूर्ण झाली की आधारचं बायोमेट्रिक अपडेट करून घ्यायचं आहे, परीक्षेच्या फॉर्मच्या आधी.

आणि धाकटा त्याच प्रायव्हेट शाळेत सातवीत गेलाय, आरटीईमधूनच. मागच्या आठवड्यात मी रिसेप्शनला जाऊन त्याचा पेन नंबर आणि यूडाइसवर त्याचं नाव कसं लिहिलंय त्याची प्रिंट मागितली. ती मुलगी म्हणाली, मॅडम अजून दोन वर्षं आहेत ना त्याला. म्हटलं म्हणूनच आज आले, आणि समोरच्या खुर्चीवर बसले.